ऊस वाहतूक आणि रस्त्यावरील अपघात : नोंदीतून सुरक्षिततेकडे



दसरा-दिवाळी आटोपते, बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि आपल्या भागातील रस्त्यांचे रूपच पालटते. एरवी रात्री नऊनंतर सामसूम होणारे रस्ते पहाटेपर्यंत जागे राहतात. ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या, अंगद अशी सारी वाहने एकामागून एक कारखान्याच्या दिशेने चाललेली असतात. तुटलेला ऊस जितका लवकर काट्यावर येईल तितके वजन राखले जाते आणि साखरही राखली जाते, हे आपणांस सांगावयास नको. परंतु या धावपळीची एक दुसरी बाजू आहे. तिच्याविषयी आपण सभेत बोलत नाही, अहवालात छापत नाही. ती बाजू म्हणजे अपघात.

हे चित्र आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. रात्रीची आठ-साडेआठची वेळ. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढावर रांगतो आहे. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही; असलाच तर तो बाहेर आलेल्या उसाआड दडलेला. मागून एमआयडीसीतली पाळी संपवून एक पोरगा मोटरसायकलवरून घरी निघालेला. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्याच्या डोळ्यांवर येतो आणि तो उजेड जातो न जातो तोच पुढे काळोखात ट्रॉली उभी!

दुसऱ्या दिवशी पारावर निकाल लागतो. कोणी म्हणते, "पोरगं लई जोरात हुतं." कोणी म्हणते, "ड्रायव्हरच पिऊन बसला असंल." वडीलधारी माणसे म्हणतात, "वेळ आली हुती, दुसरं काय!" पंचनामा होतो, दहावा होतो, आणि पुढच्या हंगामात बहुधा त्याच चढावर, त्याच वेळेला पुन्हा तसेच काहीतरी घडते. ज्या घरातला मुलगा गेला ते घर अनेकदा सभासदाचेच असते आणि ज्या ट्रॉलीवर तो आदळला तिच्यातला ऊसही सभासदाचाच असतो. म्हणून हा विषय पोलीस खात्याचा आहे असे म्हणून आपणांस बाजूला होता येणार नाही.

या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत की, अपघात हा नशिबाचा भाग मानून सोडून न देता त्याची शास्त्रशुद्ध नोंद ठेवली, त्या नोंदीचा अभ्यास केला, तर अपघात कमी करता येतात. हे जगात झाले आहे आणि आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे.

अंदाज नव्हे, मोजमाप

पूर्वी ऊस पक्व झाला की नाही हे पान बघून, कांडे चावून ठरवीत. आता शेती खात्याचा माणूस फडात येतो, रस काढतो, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ब्रिक्स पाहतो आणि मगच तोडीचा कार्यक्रम ठरतो. माती तपासल्याशिवाय खताचा डोस देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे, हेही आपणांस पटले आहे. मग रस्त्यावर माणूस का मेला, एवढाच प्रश्न आपण अजून पारावरच्या अंदाजावर का सोडतो?

प्रश्न लहान नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक माणसे एकट्या महाराष्ट्रातील होती. देशात मेलेल्यांपैकी शंभरातील सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते आणि १९ जण पायी चालणारे होते. म्हणजे रस्त्यावर मरतो तो बहुतांशी आपल्यासारखाच सामान्य माणूस.

डॉक्टरने आखलेला तक्ता

अमेरिकेत १९६६ साली रस्ता-सुरक्षेचे सरकारी काम सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे पेशाने डॉक्टर होते. पटकी किंवा हिवताप यांचा अभ्यास जसा करतात तसाच अपघाताचा करावा, असे त्यांचे म्हणणे. हिवताप झाला म्हणून रोग्याला दोष देत बसल्याने काय होणार? डास कोठे आहे, पाणी कोठे साचले आहे, हे पाहावे लागते.

हॅडन यांनी एक सोपा तक्ता आखला. उभे तीन रकाने : माणूस, वाहन आणि रस्ता. आडव्या तीन ओळी : अपघातापूर्वी, अपघात होताना आणि अपघातानंतर. झाले नऊ चौकोन. वर सांगितलेला ट्रॉलीचा अपघात या चौकोनांत घालून पाहा.

अपघातापूर्वी : ड्रायव्हर किती तास जागा होता? ट्रॉलीला दिवा, रिफ्लेक्टर होता का? चढावर रस्ता किती रुंद होता, बाजूपट्टी खचलेली होती का? अपघात होताना : मोटरसायकलवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट होते का? ट्रॉलीचा मागचा भाग डोक्याच्या उंचीला आला की धडकेला अडविणारी आडवी पट्टी खाली होती? अपघातानंतर : रुग्णवाहिका किती वेळाने आली? जवळ थांबलेल्या लोकांना रक्त थांबवायचे कसे हे ठाऊक होते का?

नऊ चौकोन भरले की लक्षात येते की "पोरगं जोरात हुतं" हे नऊपैकी एकाच चौकोनातले उत्तर आहे. बाकी आठ ठिकाणी आपणांस काहीतरी करता आले असते. हीच या पद्धतीची खुबी. येथे गुन्हेगार शोधायचा नसतो, तुटलेली कडी शोधायची असते. साखळी कोठेही जोडली तरी माणूस वाचतो.

शेतीच्या यंत्रांबाबत आपल्या देशात हेच काम दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. उत्तर भारतातील खेड्यांत फिरून मळणी यंत्रात आणि कडबा कापण्याच्या यंत्रात कोणाचा हात कसा गेला याच्या त्यांनी नोंदी केल्या व त्यावरून यंत्राच्या रचनेत बदल सुचविले. 'शेतकऱ्याने जपून काम करावे' हा उपदेश पुरेसा नसतो, यंत्रच असे हवे की एखादेवेळी हात चुकला तरी तो तुटू नये, हा त्यामागचा विचार. १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला तोही मळणी यंत्रांच्या अशा अपघातांमुळेच.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा धडा

आता घराजवळचे उदाहरण घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. रस्ता उत्तम, पण अपघात थांबेनात. २०१२ ते २०१४ या दोन वर्षांत अपघात-संशोधन करणाऱ्या एका संस्थेची माणसे अपघाताची वर्दी मिळताच जागेवर जात. टायरच्या खुणा मोजत, गाडी किती चेपली ते मोजत, फोटो काढीत, जखमा कशाने झाल्या ते पाहत. अशा दोनशेहून अधिक अपघातांची त्यांनी बारकाईने नोंद केली.

त्यातून पुष्कळ गोष्टी उजेडात आल्या. रस्त्याच्या कडेला उभे केलेले ट्रक, वेगवान लेनमधून जाणारी मंद अवजड वाहने, ड्रायव्हरची डुलकी ही कारणे तर होतीच. परंतु रस्त्याचे दोषही होते. कठड्याची उघडी टोके, कठड्याविना उभे असलेले सिमेंटचे खांब, कडेची झाडे यांवर गाडी आदळली की किरकोळ चूकही प्राणावर बेतत होती.

२०१६ साली 'सेव्ह लाईफ फाउंडेशन' ही संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र उद्योगसमूह यांनी मिळून या मार्गावर 'शून्य मृत्यू' योजना हाती घेतली. जेथे नोंदीने दाखविले तेथे कठडे दुरुस्त केले, खांब झाकले, खुणा लावल्या, उभ्या गाड्या हटविल्या, रुग्णवाहिका आणि उपचाराची साखळी नीट केली. २०१६ साली या मार्गावर १५१ माणसे मेली होती. २०१९ साली हा आकडा ९२ वर आला आणि २०२० साली ६६ वर. २०२० साली टाळेबंदीमुळे रहदारी कमी होती, हे ध्यानात घेऊन आम्ही २०१९ चाच आकडा धरतो. तरीही वर्षाला ५९ जीव वाचले. शून्य काही गाठता आले नाही, पण वाट योग्य आहे हे सिद्ध झाले.

दोन इंची पट्टीची किंमत

आता आपल्या ट्रॉलीला सर्वांत जवळची गोष्ट. अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून नव्या अवजड ट्रेलरना मागे व बाजूंना चकाकणारी लाल-पांढरी पट्टी लावणे सक्तीचे झाले. तिचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासण्यासाठी फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांच्या पोलिसांनी सुमारे ११ हजार अपघातांत, ट्रेलरला पट्टी होती की नव्हती, एवढे जादा टिपून ठेवले.

तुलना कशी केली ते पाहण्यासारखे आहे. दिवसा पट्टीचा उपयोग नाही, कारण ट्रेलर तसाही दिसतोच. म्हणून दिवसाचे अपघात हा झाला 'बिनखताचा वाफा' आणि रात्रीचे अपघात हा 'खताचा वाफा'. नव्या खताचा प्रयोग आपण जसा एकाच रानात दोन वाफे पाडून करतो, तसाच हा प्रयोग. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पट्टीमुळे अंधारात ट्रेलरला मागून व बाजूने बसणाऱ्या धडका शेकडा २९ ने कमी झाल्या होत्या. रस्त्यावर दिवे नसलेल्या ठिकाणी हे प्रमाण शेकडा ४१ होते.

आणखी एक गोष्ट त्यात निघाली, ती आपण पाटीवर लिहून ठेवावी अशी आहे. पट्टी स्वच्छ असेल तर अंधारातल्या मागच्या धडका शेकडा ५३ ने घटल्या, पण पट्टी मळलेली असेल तर फक्त २७ ने. म्हणजे चिखलाने निम्मा गुण खाल्ला. आपली ट्रॉली ओल्या फडातून, काळ्या रानातून बाहेर पडते. हंगामाच्या आरंभी समारंभपूर्वक रिफ्लेक्टर लावायचा, फोटो काढायचा आणि मग शिमग्यापर्यंत त्यावर फडकेही फिरवायचे नाही, याला काय अर्थ?

पट्टी का लागते याचा हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी पाहून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तरी ८० फूट संपले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ८० फूट. एकूण १६० फूट. खालच्या झोतात बिनदिव्याची मळकट ट्रॉली शंभर फुटांच्या आत आल्यावरच नजरेस पडत असेल, तर उरलेले ६० फूट आणायचे कोठून? तेथे शहाणा आणि वेडा दोघेही आदळणार. चकाकणारी पट्टी हीच गोष्ट तीन-चारशे फुटांवरून दाखविते.

नोंद वाचताना होणारी चूक

नुसते आकडे जमविले म्हणजे अभ्यास झाला असे नाही. दहा एकरांत ४०० टन काढणारा मोठा बागाईतदार, की एका एकरात ८० टन काढणारा? आपण एकरी उतारा विचारतो, एकूण टन नव्हे. अपघातांचेही तसेच आहे. जानेवारीत अपघात जास्त झाले म्हणून जानेवारी वाईट, असे म्हणता येत नाही, कारण तेव्हा खेपाही जास्त असतात. ट्रकपेक्षा ट्रॅक्टरचे अपघात जास्त दिसले तर आधी हे विचारावे की ट्रॅक्टर किती आणि ट्रक किती. दर हजार खेपांमागे किती अपघात, हा खरा 'एकरी उतारा'. या हिशेबाला लागणारी निम्मी माहिती तर आपल्या काट्यावर आधीच आहे. कोणते वाहन, कोणत्या गटातून, किती टन घेऊन, किती वाजता आले, हे प्रत्येक खेपेला नोंदले जातेच. अपघाताची नोंद तेवढी त्याला जोडायची आहे.

दुसरी गोष्ट, एका वर्षावरून निकाल काढू नये. पाऊसमान जसे एका सालावरून ठरत नाही तसेच हे. सरकारही राष्ट्रीय महामार्गावरील 'अपघातप्रवण स्थळ' ठरविताना तीन वर्षांची नोंद पाहते. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले असतील, तर ते स्थळ यादीत येते. पण आपले मळ्यातले, बंधाऱ्यावरचे, गावाच्या वेशीवरचे रस्ते या यादीत कोठून येणार? ती यादी आपणच करावयास हवी.

सरकारी पातळीवर २०२१ पासून अपघात-नोंदीची एकत्रित संगणक पद्धत सुरू झाली. ती मद्रासच्या आयआयटीने तयार केली आहे. आरंभी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरूनच मोबाईलवर ठिकाण, फोटो व तपशील भरतात. म्हणून अपघात झाल्यावर आपसांत मिटविण्याची जी आपली रीत आहे ती सोडावी. मिटविलेला अपघात नोंदीत येत नाही, आणि नोंदीत नाही तो चढ कोणी दुरुस्त करीत नाही.

आपण काय करावे?

संचालक मंडळाने, शेती खात्याने आणि वाहतूक कंत्राटदारांनी विचार करावा म्हणून आम्ही पुढील सूचना मांडीत आहोत.

१) प्रत्येक गट ऑफिसात अपघात-नोंदवही ठेवावी. एका अपघाताला एक पान. वेळ, जागा, वाहनाचा प्रकार, दिवा व पट्टीची स्थिती, ऊस बाहेर किती आला होता, ड्रायव्हर किती तास झोपला होता, रस्त्याची अवस्था, मदत किती वेळाने आली, एवढे लिहावे. ट्रॉली उलटली पण कोणी दुखावले नाही, हुक तुटला, थोडक्यात निभावले, हेही लिहावे. आजचे 'थोडक्यात निभावले' म्हणजे उद्याची सूचना असते.

२) या वहीतील माहितीवरून कोणाचे बिल कापू नये. शिक्षेची भीती घातली की खरे कोणी सांगत नाही आणि वही कोरी राहते.

३) हंगाम संपल्यावर कार्यक्षेत्राच्या नकाशावर टाचण्या टोचाव्यात. जेथे टाचण्या दाटतील तेथील मागणी बांधकाम खात्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे आकड्यांसह करावी. पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक, खचलेली बाजूपट्टी, कठडा नसलेला अरुंद बंधारा यांच्याविषयी नोंदीचा कागद घेऊन गेले म्हणजे साहेबालाही टोलवता येत नाही.

४) ड्रायव्हर मंडळींचे गाऱ्हाणेही ऐकावे. ते म्हणतात, "साहेब, टेललाईट लावली की भरतानाच फुटतीय बघा." ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे दिवा आणि पट्टी एका आडव्या फळीवर बसवून ती ट्रॉली भरल्यानंतर मागे अडकवावी. मोठा कापडी रिफ्लेक्टरही भरल्यानंतर उसावरून बांधता येतो. मागे लाल, बाजूला पिवळी व पुढे पांढरी असा पट्टीचा क्रम ठेवावा. काट्यावर गाडी रिकामी झाली की पट्टी पुसल्याशिवाय पुढची स्लिप देऊ नये.

५) यार्डात नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर रात्र-रात्र तिष्ठत बसतो आणि मग झोपेच्या गुंगीत परतीची वाट धरतो. भाडे टनावर आणि अंतरावर मिळते, म्हणून तो खेप वाढवितो, टन वाढवितो. हे त्याच्या हावेपेक्षा आपल्या व्यवस्थेचे फळ आहे. तोडीचा कार्यक्रम आणि यार्डातील गर्दी यांचा मेळ घातला तर रस्ता आपोआप सुरक्षित होईल. ही गोष्ट केवळ कारखान्याच्याच हातात आहे.

६) दोन ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सारा भार ट्रॅक्टरला ढकलतो, चढावर पुढची चाके उचलतात. जादा टनाचे भाडे मिळेल, पण उतारावर त्या टनाला थांबवायला कोणी नाही.

७) पंक्चर झालेल्या ट्रॉलीभोवती ठेवलेले दगड गाडी निघताना उचलून कडेला टाकावेत. तो दगड पहाटे दूध घालायला जाणाऱ्याच्या चाकाखाली येतो. ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा दणदणाट बंद करावा. मागच्याचा हॉर्न ऐकू येणे ही चैन नव्हे. आणि पोरांना चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढू देऊ नये, हे घरोघरी सांगावे.

८) तोडणीसाठी आलेली मजूर मंडळी बायका-पोरांसह रिकाम्या ट्रॉलीतून, उसाच्या भरावरून रात्री प्रवास करतात. झोपलेले लेकरू एका हिसक्याने खाली येते. त्यांच्या ने-आणीची वेगळी सोय हा खर्च नव्हे, कर्तव्य आहे.

अपघातानंतरचा एक तास

शेवटचा चौकोन सर्वांच्या हातातला आहे. अपघात दिसला की १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्ट छळतात, ही भीती आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. २०२५ पासून जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत माणूस रस्त्यावर ठेवू नये.

बंधु-भगिनींनो, आपल्या भागाने सहकारातून माळरानावर पाणी खेळविले, साखर धंदा उभा केला. ती कामे काही एकट्या-दुकट्याने झालेली नाहीत. सर्वांनी मिळून हिशेब ठेवला, म्हणून झाली. उसाच्या प्रत्येक किलोचा हिशेब आपल्या काट्यावर होतो. त्या उसाच्या वाटेवर गेलेल्या माणसाचा हिशेब मात्र कोठेच नाही, ही उणीव आपण या हंगामापासून भरून काढू या. वार्षिक सभेच्या अहवालात गाळप, उतारा आणि साखरेची पोती यांच्या शेजारी आणखी एक ओळ असावी : हंगामातील अपघात इतके, दगावलेली माणसे इतकी. ती ओळ दरवर्षी मोठ्याने वाचली जावी. शेवटचा आकडा शून्य वाचला जाईल त्या वर्षी उतारा थोडा कमी पडला तरी तो हंगाम चांगला गेला, असे आम्ही समजू.